थेंब घालणारे हात

मिरचीच्या शेडमध्ये बसणारी कुठलीच बाई स्वतःच्या तोंडावरनं हात फिरवत नाही. नाक खाजलं तर खांद्यावर घासायचं, घाम आला तर दंडानं पुसायचा, आणि डोळ्यात काही गेलंच तर डोळा घट्ट मिटून बसायचं, निघेपर्यंत. ओब्दुलियाला हे अंगवळणी पडायला एक आख्खा हंगाम लागला होता. त्या हंगामात ती इतकी रडली होती, की पुढं नवऱ्याच्या मयताला तिला तेवढं रडू आलं नाही.

काम म्हणाल तर साधं. वाळलेली मिरची उचलायची. रुंद, काळपट लाल, जुन्या चामड्यासारखी. देठाजवळ पातं घालून पोट फाडायचं, बिया झटकायच्या आणि आतली शीर अंगठ्याच्या नखानं ओढून काढायची. शहरातल्या लोकांना मोले, म्हणजे ह्या मिरचीचा दाट रस्सा, तर हवा असतो, पण जळजळ नको असते. मग ती जळजळ ह्या बायका आधीच काढून घेतात, आपल्या हातांत.

मुकादम हातमोजे देतो, नाही असं नाही. पण दुपारपर्यंत अंगठ्याचं नख मोजा फाडून बाहेर येतं आणि मोज्यातनं शीर हाताला लागतही नाही. सगळ्या बायका मोजे घरी नेऊन भांडी घासायला वापरतात. ह्या आठवड्यात ओब्दुलिया मात्र दोन-दोन मोजे एकावर एक चढवून बसली होती आणि तिच्यापुढचा ढीग काही हलत नव्हता. फिदेन्सियो मुकादम येता-जाता बघायचा. बोलायचा काही नाही, नुसता घसा साफ करायचा. ते बोलण्यापेक्षा वाईट.

"म्हातारी कशी आहे?" शेजारच्या चाबेलानं विचारलं. चाबेला ह्या शेडमध्ये लग्नाआधीपासनं बसत होती. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या.

"काल डोळ्याची पट्टी सोडली. आता थेंब. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"आणि घालतं कोण?"

"मी."

चाबेलाचं पातं थांबलं. "ह्या हातांनी?"

"नाही, तुझ्या हातांनी. येतेस का?"

पलीकडच्या दोघीतिघी हसल्या आणि हसता हसता खोकल्या. इथं हसलं की धूळ घशात जाते, म्हणून कुणी फार हसत नाही.

"अगं, थट्टा सोड. पेत्रा समोरच राहते ना तुझ्या? दिवसभर शिवण करते, हात कसे लोण्यासारखे. सख्खी मुलगी आहे ती पण."

"तिचं नाव काढू नकोस."

"अजून धरून बसलीस?"

"चाबेला, मिरच्या निवड."

चाबेला निवडायला लागली. पण गप्प बसेल ती चाबेला कसली. "बरं, मग ऐक. आधी चरबी चोळ, डुकराची. पाणी नाही, आधी चरबी. मग साबण. मग मीठ आणि लिंबू. मग परत साबण."

"करते ते."

"आणि काम करता करताच आग उतरवत राहायची. घरी नेऊच नये." असं म्हणून तिनं स्वतःचे दोन्ही हात कानामागनं केसांत घातले, पार मुळांपर्यंत, आणि वेणीवरनं खाली ओढत आणले. हे सगळ्याच करायच्या. हात भगभगायला लागले की केसांत घालायचे. आग केसांत उतरते आणि बोटं थंड पडतात. चाबेलाच्या आईनं तिला शिकवलं होतं, तिनं ओब्दुलियाला. "केसाला काय होतंय? केसाला थोडीच झोंबतं."

ओब्दुलियानं फाटके मोजे काढले आणि हात केसांत घातले. खरंच बरं वाटलं. दिवसभरात ती कितीदा तरी असं करायची. तिची वेणी कमरेपर्यंत होती, काळीभोर. शेडच्या दारातनं ऊन आलं की तिच्यावर तांबूस झाक दिसायची.

पेत्राशी तिनं अबोला धरला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. पेत्राच्या नातवाचं बारसं होतं, चर्चमधनं आल्यावर अंगणात जेवणं. आईनं वाटी समजून नुसत्या टेबलावरच रस्सा ओतला. पांढऱ्या कापडावर, पाद्रीबाबांच्या समोर. सगळे गप्प झाले आणि तेवढ्यात पेत्रा बोलली. जोरात बोलली अशातला भाग नाही. पण सगळे गप्प होते ना, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"दिसेल कसं तिला? ही रोज अंगभर मिरचीची धूळ घेऊन घरी जाते आणि त्याच खोलीत झोपते. खाल्ले आईचे डोळे हिच्या मिरचीनं."

ओब्दुलियानं ताट खाली ठेवलं, आईचा दंड धरला आणि गल्ली ओलांडून घरी आली. ती गल्ली केवढी? समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटायचं, एवढी. पेत्राच्या शिलाई मशीनचा आवाज इकडे उशाशी आल्यासारखा ऐकू यायचा. पण त्या दिवसापासनं ओब्दुलियानं ती गल्ली ओलांडली नव्हती. आई जायची चाचपडत, बसून यायची. ओब्दुलिया तिला आपल्याच दारात सोडायची आणि पाठ फिरवायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेताना पेत्रा दवाखान्यात आली, तेव्हा ओब्दुलिया उठून बाहेर बाकावर जाऊन बसली.

आणि खरं सांगायचं तर पेत्राचं ते वाक्य तिला खोटं वाटलं असतं, तर ती केव्हाच विसरली असती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पाय उचलत नव्हते. दुपारी थेंबांसाठी घरी येऊन परत गेली होती. ऊन नव्हतं, नुसता कोरडा गार वारा, तोंडावर माती मारणारा. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती, डोळ्यावर दवाखान्यानं दिलेली प्लॅस्टिकची झाकणी.

"उशीर केलास."

"पोतं संपवत होते."

"थेंबांची वेळ टळली माझी."

"टळली नाही. हात धुते."

"मशीन थांबलं पेत्राचं. म्हणजे टळली."

ओब्दुलिया आत गेली. मोरीत उकिडवी बसली. डब्यातली चरबी घेऊन बोटाबोटातनं चोळली, नखांच्या कडेनं, अंगठ्याच्या बेचक्यात. फडक्यानं पुसली. कपड्यांचा साबण लावला, घासणीनं खरवडलं. मीठ, लिंबू. बारीक चिरांमधनं लिंबू असं काही गेलं की तिनं दात आवळले. परत साबण. हातांना लिंबाचा वास यायला लागला तेव्हा ती उठली.

एक गोष्ट ती दर वेळी करायची, आईला न सांगता. थेंब घालायच्या आधी आपलं बोट आपल्याच डोळ्याच्या कोपऱ्याला लावायचं आणि वाट बघायची. आधी माझा, मग तुझा. आजही तिनं लावलं. उभी राहिली. झोंबलं नाही. थोडंसं ओलं झालं, ते बहुतेक थकव्यानं.

"मान वर कर, आई."

"हात बघू."

आईनं तिची बोटं नाकाशी नेऊन हुंगली, बाजारात मासळी हुंगावी तशी. "हं. घाल."

झाकणी काढली. डोळा लाल होता पण उघडा होता, आणि तो तिच्याकडे बघत होता. पट्टी सुटल्यापासनं ओब्दुलियाला ह्याचीच सवय होत नव्हती. कितीतरी वर्षं आई तिच्या आवाजाकडे बघायची, आता तिच्याकडे बघत होती. तिनं खालची पापणी ओढली, बाटली दाबली. एक थेंब. नीट आत पडला.

आईनं डोळा मिटला आणि किंचाळली.

"मिरची! अगं, मिरची घातलीस!"

"नाही, आई, हात धुतलेत..."

"झोंबतंय! जळतंय, मेले, जळतंय!"

डॉक्टरनं सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासनं घालायचं हे दुसऱ्या बाटलीतलं औषध जरा चुरचुरेल, घाबरू नका. सांगितलं होतं. पण तेव्हा त्यानं इतकं काही सांगितलं होतं, झोपायचं कसं, वाकायचं नाही, चोळायचं नाही, नळाचं पाणी लावायचं नाही, की चुरचुरण्याचं कुठल्या कुठं हरवलं. आणि ज्या बाईनं वर्षभर एकच भीती उराशी धरली आहे, तिला "मिरची" म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

"केस!" आई ओरडली. "केस लाव, पोरी, केस लाव!"

डोळ्यात मिरची गेली की केस लावायचे, हे ह्या गावात रांगणाऱ्या पोरालाही माहीत आहे. केसांचं टोक घ्यायचं आणि मिटल्या पापणीवर दाबून धरायचं. केस आग ओढून घेतात. आईच्या डोक्यावर कापसासारखे चार केस, तेही टोपीखाली. ओब्दुलियानं आपली वेणी पुढं ओढली. चोळायचं नाही हे तिला आठवलं, म्हणून चोळलं नाही. वेणीचा शेंडा मऊ कुंच्यासारखा केला आणि हलकेच, अगदी हलकेच पापणीवर टेकवला.

"बरं वाटतंय?"

आईची पापणी केसांखाली फडफडली. मग तिच्या तोंडातनं जो आवाज आला तो मघासारखा नव्हता. मघाचा आवाज घाबरलेल्या माणसाचा होता. हा आवाज आतनं आला, जनावरासारखा, आणि त्यात शब्दच नव्हते. आई खुर्चीतनं अर्धी उठली, दोन्ही हात डोळ्याकडे गेले.

ओब्दुलियानं हात धरायला हात पुढं केले आणि तसेच थांबवले. ह्या हातांनी नुकतीच वेणी धरली होती. बोटं आत्ताच भगभगायला लागली होती, स्वच्छ धुतलेली बोटं. तिनं वेणीकडे बघितलं. दिवसभराची आग तिथं होती. आजची, कालची, आख्ख्या आठवड्याची. आणि तिनं ती उचलून आईच्या डोळ्यावर ठेवली होती.

"चोळू नकोस! आई, हात खाली! डोळा फुटेल!"

ऐकतंय कोण. आईचं मनगट तिनं कोपरांनी दाबायला बघितलं. ते किती वेळ जमणार? मोरीत पाणी होतं, पण पाणी लावायचं नव्हतं. फळीवर दवाखान्यानं दिलेलं सलाइन होतं, पापण्या पुसायला, कापसासकट, सीलबंद. आणि ते फोडायला ह्या घरात एकही हात नव्हता.

तिनं गल्ली ओलांडली. ओलांडताना तिला काही वाटलं नाही. ते नंतर.

पेत्राचं दार तिनं पायानं ठोठावलं. आतनं आवाज आला, "कोण ते, दार मोडाल!" आणि दार उघडलं. पेत्राच्या तोंडात टाचण्या होत्या. वर्षभरात ती जाड झाली होती, कानाजवळ पांढरी झाली होती. गल्लीच्या पलीकडनं ते दिसलं नव्हतं.

"आईच्या डोळ्यात मिरची गेली. तुझे हात पाहिजेत."

पेत्रानं टाचण्या तळहातावर थुंकल्या. "कशी गेली?"

"चल आधी!"

पेत्रा आली. विचारत बसली नाही, हे कबूल करायला हवं. मोरीत हात धुतले, सलाइनचं टोपण दातानं नाही, कात्रीनं कापलं, आईची हनुवटी धरून मान वाकडी केली. "हात मांडीवर, आई. मांडीवर म्हणतेय ना! लहान पोर आहेस का?" आणि आईनं खरंच हात मांडीवर ठेवले. ओब्दुलियाचं तिनं कधी ऐकलं नसतं.

ओब्दुलिया दाराच्या चौकटीला टेकून उभी, हात मागं बांधून. "नाकाकडनं बाहेर सोड. बाहेरनं आत नाही. धार उंचावरनं नको. पापणी कापसानं धर, बोटानं नको."

"तू गप."

"डॉक्टरनं तसंच सांगितलंय."

"मग सांग. पण ओरडू नकोस."

बाटली अर्धी झाली. गालावरनं, मानेवरनं, पोलक्यात पाणी गेलं. आईचा आवाज हळूहळू लहान झाला, मग नुसते हुंदके, मग नुसतं नाक ओढणं. पेत्रानं कापूस दुधात बुडवून गालावर आणि कपाळावर फिरवला, डोळ्याला न लावता, कारण तिथंही कातडी लाल झाली होती.

"कमी झालं?"

"जरा." आईनं मिटल्या डोळ्यानंच दोघींकडे तोंड फिरवलं. "पुढच्या खेपेला मला आंधळीच राहू द्या."

 पेत्रा आईजवळ बसून राहिली. ओब्दुलियानं चुलीवर घेवडा गरम केला, मक्याच्या तोर्तिया शेकल्या, पळीनं वाढल्या, पेत्रालाही. पेत्रानं खाल्ल्या. त्या सगळ्या वेळात ओब्दुलिया एका वाक्याची वाट बघत होती. खाल्ले आईचे डोळे हिच्या मिरचीनं. आता म्हणेल, ताट ठेवताना म्हणेल, उठताना म्हणेल. वाट बघून बघून तिचे खांदे दुखायला लागले. पेत्रा उठली, शाल गुंडाळली, "सकाळच्या पहिल्या बसनं जाऊ" एवढंच म्हणाली आणि गेली.

सकाळी तिघी बसमध्ये. मधे आई, दोन्हीकडे दोघी. ओब्दुलियानं केस फडक्यात गच्च बांधले होते आणि हात शालीखाली ठेवले होते, चोरी केल्यासारखे.

डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. त्यानं दिवा मारून बराच वेळ बघितलं. ओब्दुलिया त्याच्या मानेकडे बघत होती. मान हलली तर काय, नाही हलली तर काय.

"काय गेलं होतं डोळ्यात?"

ओब्दुलियानं तोंड उघडलं.

"माझंच बोट," आई म्हणाली. "चटणी खाल्ली आणि हात न धुता चोळला. म्हातारं माणूस."

"जखम शाबूत आहे," डॉक्टर म्हणाला. "वरनं सूज आहे, लाली आहे, ती उतरेल. नशीब चांगलं, आजी. थेंब चालू ठेवा. पण घालणाऱ्याचे हात..." त्यानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "कोण घालतं?"

ओब्दुलियाचे हात शालीखाली आणखी आत गेले. 

"ही," ओब्दुलिया म्हणाली आणि हनुवटीनं पेत्राकडे दाखवलं. "आजपासनं ही घालेल."

पेत्रानं तिच्याकडे बघितलंही नाही. बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्सची चेन ओढली.

बस यायला वेळ होता. आई बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागली. दोघी उभ्या.

"केस लावले मी," ओब्दुलिया म्हणाली. "हात स्वच्छ होते. केस लावले."

"कळलं मला. घरभर वास होता."

"मग बोलून टाक ना एकदाचं."

"काय?"

"तेच. बारशाचं. मी ऐकून घेते. उभी आहे मी, ऐकते."

पेत्रानं रस्त्याकडे बघितलं. बस नव्हती. "विचारलं होतं मी डॉक्टरला. मोतीबिंदू मिरचीनं होतो का म्हणून. म्हणाला, वयानं होतो. आणि साखरेनं."

"कधी विचारलंस?"

"ऑपरेशनच्या आधी. तू बाहेर बाकावर बसली होतीस तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

ओब्दुलियाच्या अंगात राग उसळला, अगदी पायापासनं. केवढी आग लावली होती हिनं, आख्ख्या गावासमोर, आणि विझवताना मात्र एकटीनं, गपचूप, डॉक्टरच्या खोलीत. पाद्रीबाबांना बोलाव म्हणावं, टेबल मांड, तेच पांढरं कापड घाल आणि म्हण. ती बोलायलाच निघाली. शब्द आलेही जिभेवर. आणि मग एवढं सगळं बोलायला जो दम लागतो तो काही तिला सापडेना. कालपासनं नीट बसली नव्हती ती.

"माफी माग, मग," ती नुसतं म्हणाली.

"मागितली."

"कधी?"

"आत्ता. एवढ्यात. कळलं नाही का तुला?"

"नाही कळलं."

"मग तुझे कानच गेलेत," पेत्रा म्हणाली. "ते मात्र मिरचीनं."

आई डोळा न उघडता म्हणाली, "भांडा दोघी, पण बस आली तर सांगा."

बस आली. चढताना पेत्रानं आईला आधार दिला आणि ओब्दुलियाला म्हणाली, "तू फाट्यावर उतर, शेडला जा. अर्धा दिवस तरी मिळेल. दुपारी घरी धावत यायची गरज नाही. मी आहे."

ओब्दुलियाला आधी वाटलं, हिनं आपल्याला घरातनं काढलं. आपल्याच आईच्या घरातनं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर माळावर, रस्त्याच्या कडेनं, वाळत घातलेल्या मिरच्यांचे लालकाळे पट्टे लांबच लांब गेले होते. दुपारी यायचं नाही. म्हणजे ती दीड कोसाची माती नाही, चरबी नाही, लिंबू नाही, स्वतःच्या डोळ्याला बोट लावून उभं राहणं नाही. दोन मोज्यांची गरज नाही. मुकादमाचा घसा नाही. हे सगळं एकेक करून तिच्या लक्षात आलं, आणि तिला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. आईच्या डोळ्यासाठी तिनं जीव दिला असता, आणि आता तो डोळा दुसऱ्याच्या पर्समध्ये गेला तर तिला सुटल्यासारखं वाटत होतं. तिला लाज वाटली. पण लाजसुद्धा फार वेळ टिकली नाही. गाडीच्या हिसक्यानं तिचं डोकं काचेवर आपटत होतं आणि ती झोपली होती.

फाट्यावर पेत्रानं तिला ढोसलं. कोपरानं, हात न लावता.

"उतर, शेड आलं."

"थेंब घालताना," ओब्दुलिया उभी राहता राहता म्हणाली, "ते दुसऱ्या बाटलीतलं चुरचुरतं. ओरडेल ती. घाबरू नकोस."

"ओरडू दे," पेत्रा म्हणाली. "उतर आता, ड्रायव्हर बोंबलतोय."

ती उतरली. शेडच्या दाराशी चाबेलानं तिच्यासाठी पोतं ओढून ठेवलं होतं.